वाचकांचे प्रश्न : पश्चात्ताप म्हणजे नेमके काय करायचे?

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. 'पश्चात्ताप करा' असे वेदीवरून सांगितले जाते, पण घरी आल्यावर करायचे काय, हे पुष्कळांना कळत नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट रीत जिथे वेगळी आहे, तिथे तसे म्हटले आहे.

प्रश्न : प्रवचन ऐकताना इतर जण रडतात. मला माझ्या चुका कळतात, पण डोळ्यांत पाणी येत नाही. माझा पश्चात्ताप खोटा म्हणायचा का? – एक वाचक, नालासोपारा

नाही. रडू येणे हा बराचसा स्वभावाचा भाग आहे. काही माणसे सिनेमा पाहूनही रडतात.

मत्तय २७:३-५ नीट वाचा. येशूला पकडून दिल्यावर यहूदाला मनापासून वाईट वाटले. 'मी पाप केले' असे त्याने याजकांपुढे उघड कबूल केले. तीस नाणीही परत केली. खंत, कबुली आणि भरपाई, पश्चात्तापात जे जे हवे म्हणतात ते बाहेरून पाहता सगळे त्याने केले. 'त्याचे आम्हाला काय?' म्हणून याजकांनी त्याला झटकले आणि त्याने गळफास घेतला. ज्याचा घात केला त्याच्याकडे मात्र तो गेला नाही. पेत्राने त्याच रात्री येशूला तीनदा नाकारले होते. तोही खूप रडला, पण इतर शिष्यांना सोडून गेला नाही, आणि पुढे तळ्याच्या काठी येशू दिसताच नावेतून उडी टाकून त्याच्याकडे निघाला (योहान २१:७). दोघांतला फरक अश्रूंचा नाही, पाय कोणाकडे वळले याचा आहे. पौल 'देवाप्रीत्यर्थ दुःख' आणि 'जगाचे दुःख' असे दोन प्रकार करतो (२ करिंथ ७:१०), तो याच अर्थाने.

कॅथलिक शिकवणीत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये हे आणखी स्पष्ट केले. देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप परिपूर्ण. शिक्षेच्या भीतीने किंवा पापाची किळस येऊन झालेला अपूर्ण, पण तोही पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) संस्कारासाठी पुरेसा आहे. दोन्हींत 'पुन्हा करणार नाही' हा निश्चय मात्र हवा. फक्त पकडले गेल्याचे वाईट वाटत असेल तर ते यात बसत नाही. स्वतःला विचारा : ही गोष्ट कधीच कोणाला कळणार नसती, तरी 'मी हे करायला नको होते' असे वाटले असते का? उत्तर 'हो' असेल तर निर्धास्त राहा.

प्रश्न : लग्नानंतर चौदा वर्षे मी कन्फेशनला गेलेलो नाही. आता जायचे आहे, पण काय बोलायचे तेच आठवत नाही. – एक वाचक, वसई

रविवारच्या मिस्सेआधी दहा मिनिटे रांगेत उभे राहू नका. चौदा वर्षांचा हिशेब तेवढ्या वेळात होत नाही आणि मागच्यांची चुळबुळ ऐकून तुम्ही निम्मे गिळून टाकाल. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी फादरांची वेळ मागून घ्या. ओळखीच्या फादरांसमोर संकोच वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जा. ईस्टरपूर्वीच्या दिवसांत अनेक चर्चेसमध्ये बाहेरचे फादर पापनिवेदन ऐकायला येतात, तेव्हाही जाता येते. जाळीआडून बोलण्याचा हक्क तुम्हाला आहेच.

आदल्या दिवशी अर्धा तास एकटे बसा. दहा आज्ञा एकेक करून घ्या, मग आपल्या भूमिका घ्या : नवरा, बाप, मुलगा, नोकरदार किंवा मालक, शेजारी. मोठ्या माणसाची पापे बहुधा या दुसऱ्या भागात सापडतात. पंचेचाळिशीतला माणूस जाळीपाशी गुडघे टेकून 'खोटे बोललो, आईचे ऐकले नाही' ही पहिल्या कम्युनियनच्या वेळी पाठ केलेली यादी म्हणतो, कारण त्यानंतर त्याने मनाची तपासणी कधी केलेलीच नसते. हवे तर दोन-चार शब्द कागदावर टिपा, आणि नंतर तो कागद आठवणीने फाडा. पँटच्या खिशातून तो धुण्याच्या वेळी दुसऱ्याच्या हाती पडतो.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा. शेवटचे पापनिवेदन कधी केले ते सांगा, विवाहित असल्याचे सांगा. मग थेट गंभीर पापांकडे या. त्यांचा प्रकार आणि संख्या सांगावी लागते. अचूक आकडा नसेल तर 'दोन वर्षे, महिन्यातून साधारण एकदा' एवढे पुरते. पापाचे स्वरूप बदलणारी परिस्थिती सांगायची, म्हणजे चोरी केली ती कोणाच्या विश्वासातल्या पैशाची, संबंध ठेवले ती व्यक्ती विवाहित होती का. नावे सांगायची नाहीत. पार्श्वभूमीही लांबवू नका. बिघडते ते बहुतेक इथेच : 'सासूबाई असे बोलल्या म्हणून मी तसे बोललो' या वाक्यात सासूबाईंच्या पापाचे निवेदन होते, तुमच्या नव्हे. 'सगळीच पापे केली' या वाक्यात कोणाच्याच नाही.

एखादे पाप विसरले तर त्याचीही क्षमा झालेली असते. पुढच्या वेळी आठवले की सांगायचे. गंभीर पाप जाणूनबुजून लपवले, तर मात्र ते सगळे पापनिवेदनच निष्फळ ठरते आणि पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. लाज वाटत असेल तर 'एक गोष्ट सांगायला जड जाते आहे' एवढे म्हणा. पुढचे अनुभवी फादर प्रश्न विचारून सोपे करतात.

मग फादर प्रायश्चित्त सांगतील. ते जमणार नसेल तर तिथेच सांगा, ते बदलून देता येते. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसली तर आपल्या शब्दांत म्हणा. पापमुक्तीचे शब्द ऐका, 'आमेन' म्हणा, आणि प्रायश्चित्त त्याच दिवशी उरका. राहून गेले की विसरते.

गुप्ततेबद्दल : चर्च कायद्याच्या कलम ९८३ प्रमाणे पापनिवेदनाची मोहर कोणत्याही कारणासाठी तोडता येत नाही. जो धर्मगुरू ती थेट तोडतो तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो. बाहेर भेटल्यावर तुमच्याजवळसुद्धा तो विषय ते आपणहून काढू शकत नाहीत.

'पुन्हा तेच पाप झाले तर?' असा प्रश्न अनेक पत्रांत आहे. निश्चय आणि भाकीत यांत गल्लत करू नका. आज तुम्हाला ते सोडायचे आहे, एवढे खरे असले की पुरे. पण ते निश्चित असेल तर पापाचे निमित्तही सोडावे लागेल. ऑनलाइन रमीवर पगार उडवणाऱ्याने ॲप काढले नाही आणि पगाराचे खाते बायकोच्या नजरेखाली आणले नाही, तर फादर त्याच्या निश्चयाविषयी विचारणारच. शिबिराच्या शेवटच्या रात्री भरल्या गळ्याने घेतलेल्या जन्मभराच्या शपथा फार टिकत नाहीत. त्यापेक्षा 'या शनिवारी त्या मित्रांबरोबर बसणार नाही' हे बरे.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये उपासनेत सगळे मिळून पापांगीकार म्हणतात. तेवढे पुरेसे आहे का, की कोणाला तरी सांगायला हवे? – एक वाचक, अहिल्यानगर

१९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने सामुदायिक पापांगीकाराची रीत आपल्या घटक मंडळ्यांकडून, विशेषतः अँग्लिकन परंपरेतून, घेतली. प्रॉटेस्टंट शिकवणीत क्षमेसाठी मध्यस्थ धर्मगुरूची गरज नाही. आपण पापे कबूल केली तर देव क्षमा करतो, हे १ योहान १:९ तुम्हाला ठाऊकच असेल. त्यामुळे क्षमेपुरते उत्तर : पुरेसे आहे.

पण प्रॉटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या सुधारणावाद्यांनी खासगी कबुली मोडीत काढली हा समज चुकीचा आहे. ल्यूथरने ती सक्तीची नको म्हटले, आणि स्वतः मात्र ती आवर्जून ठेवली. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थना-पुस्तकातही, ज्याचे मन शांत होत नाही त्याने धर्मसेवकाकडे यावे, असे बोलावणे आहे. सामुदायिक पापांगीकारात जीभ चालते आणि मन स्वयंपाकघरातल्या कुकरकडे असते, ही अडचण जुनीच आहे. तेव्हा पाळक 'आपण कबूल करू या' म्हणतात त्याआधीच गेल्या आठवड्यातली एक ठरावीक गोष्ट मनात धरून ठेवा.

माणसाजवळ बोलायचे झाले (याकोब ५:१६) तर एकच विश्वासू व्यक्ती निवडा, पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री. पाळकांना कॅथलिक धर्मगुरूंसारखे मोहरेचे बंधन सर्वत्र नसते, म्हणून आधी स्पष्ट विचारा : 'हे तुमच्यापाशीच राहील ना?' आणि प्रार्थनागटात सांगितलेली गोष्ट 'प्रार्थना-विनंती' म्हणून गावभर होते, हेही लक्षात ठेवा.

जाहीर कबुलीचा मोठा प्रसंग आपल्याकडेही घडला. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली तेव्हा मुली मोठ्याने रडत पापे कबूल करत होत्या. तशा वेळी कोणी ठरवून बोलत नाही. पण ठरवून साक्ष द्यायची असेल तर एक मोजमाप पाळा : अपराध जितक्या लोकांपुढे झाला, कबुली तितक्यांपुढेच. दोघांतले पाप माइकवर आणले की तिसऱ्याची, बहुधा एखाद्या स्त्रीची, अब्रू जाते.

प्रश्न : पूर्वीच्या नोकरीत मी खोटी बिले लावून पैसे घेतले. ती पेढी आता बंद आहे, मालक वारले. देवाजवळ क्षमा मागितली आहे. पैसे परत करायलाच हवेत का? – नाव न छापण्याची विनंती

हवेत. जक्कय जकातदाराने येशूसमोर केलेली घोषणा (लूक १९:८) भावनेची नाही, हिशेबाची आहे : निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात गणना ५:७ मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे. हे प्रमाण ख्रिस्ती माणसावर कायदा म्हणून लागू नाही, मुद्दल मात्र सुटत नाही. तरी इतक्या वर्षांत रुपयाची किंमत उतरलेली असताना पाचवा हिस्सा जास्तीचा देणे हे निव्वळ न्यायाचेच आहे.

कागद घ्या. समजा महिन्याला सुमारे ६०० रुपये, ३० महिने. मुद्दल १८,००० झाले. पाचवा हिस्सा ३,६००. एकूण २१,६००. नक्की आठवत नसेल तर अंदाज धरा, पण स्वतःच्या सोयीचा नको.

मालक नाहीत तर पैसे वारसांचे, म्हणजे पत्नी, मुले. शोध घ्या. नाव सांगण्याची सक्ती नाही. कॅथलिक असाल तर फादरांमार्फत पाठवता येतात आणि ते पोच आणून देतात. प्रॉटेस्टंट असाल तर विश्वासू पाळक किंवा वकील हे करू शकतो. पाकिटात 'तुमच्या वडिलांच्या पेढीचे देणे होते' एवढी ओळ पुरे. वारस खरोखरच सापडले नाहीत, तरच रक्कम गरिबांकडे जाते. तिथेही तीन चोरवाटा आहेत. हे पैसे आपल्याच गरजू भावाला द्यायचे नाहीत. चर्चला देऊन फलकावर नाव लावून घ्यायचे नाही. आणि नेहमीच्या दानातून किंवा दशमांशातून वळते करायचे नाहीत, कारण मग देवाचे तेवढे कमी झाले.

एकरकमी दिल्यास घरात चूल पेटणार नाही अशी स्थिती असेल तर हप्ते पाडा. उशीर चालतो, देणे बुडवणे चालत नाही.

तुमच्या पत्रात नाही, पण पैशाहून महत्त्वाचे एक विचारतो : त्या तुटीचा आळ कोणावर आला होता का? एखाद्या कारकुनाची किंवा शिपायाची नोकरी गेली का? तसे असेल तर आधी त्याचे नाव धुऊन निघायला हवे, आणि ते निनावी पाकिटाने होत नाही. बदनामीचा नियमही असाच : ज्यांच्यापुढे बोललात त्यांच्यापुढेच मागे घ्यायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली खोटी गोष्ट त्याच ग्रुपवर 'ती चुकीची होती' म्हणून लिहायची. पोस्ट गुपचूप डिलीट करणे म्हणजे मागे घेणे नव्हे.

लाचेविषयीही विचारणा आहे. जे काम करणे तुमचे कर्तव्यच होते त्यासाठी पैसे घेतले असतील तर ते ज्याच्याकडून घेतले त्याला परत जातात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना नोकरी सोडायला सांगितले नव्हते. ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच म्हटले (लूक ३:१३).

प्रश्न : नवरा दारू पिऊन मारतो. दुसऱ्या दिवशी रडतो, बायबलवर हात ठेवून माफी मागतो. मी माहेरी आले आहे. पाळक म्हणतात, तो पश्चात्ताप करतो आहे, क्षमा कर आणि परत जा. – एक भगिनी, मराठवाडा

ताई, क्षमा करणे आणि त्याच घरात परत जाऊन राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमच्या आणि देवाच्या मधली आहे, तिला वेळ लागला तरी चालेल. दुसरीसाठी त्यांचा पश्चात्ताप तपासून पाहावा लागतो, आणि तपासणे म्हणजे अविश्वास नव्हे. 'पश्चात्तापाला शोभेल असे फळ द्या' (लूक ३:८) हे वाक्य त्यासाठीच आहे.

फळ ओळखायचे असे. 'मी मारले' असे ते 'पण'शिवाय म्हणतात का? फक्त तुमच्यापुढे रडतात, की आपल्या आईवडिलांपुढे आणि पाळकांपुढेही हेच कबूल करतात? दारूसाठी उपचार सुरू केले का, आणि ते महिनोन्महिने चालू आहेत का? परत येण्याची तारीख ते मागतात, की तुमच्यावर सोडतात? तुम्ही तक्रार केली तर ती माघारी घ्या म्हणतात का? दावीद राजाला क्षमा मिळाली, तरी केल्याचे परिणाम टळले नाहीत (२ शमुवेल १२). खरा पश्चात्तापी परिणाम टाळायला बायबल पुढे करत नाही. 'मी माफी मागितली ना, आता तुझी पाळी' हे वाक्य ऐकू आले की समजा, अजून काही बदललेले नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येते. महिला हेल्पलाइन १८१ आहे. पाळकांना हे उत्तर जरूर दाखवा.

प्रश्न : आमच्याकडे पापाला प्रायश्चित्त असते. ख्रिस्ती लोक नुसती क्षमा मागून मोकळे होतात, हे फार स्वस्त नाही का? – एक वाचक, नागपूर

आक्षेप योग्य जागी आहे. तो चर्चच्या आतूनही पुन्हापुन्हा घेतला गेला आहे. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा पापांसाठी वर्षानुवर्षे जाहीर प्रायश्चित्त करावे लागे, आणि तेही आयुष्यात एकदाच मिळे. इ.स. ३९० मध्ये थेस्सलनीकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याच्यासमोर मिस्सा अर्पण करायला नकार दिला. रोमच्या सम्राटाला सामान्य पाप्यासारखे जाहीर प्रायश्चित्त करावे लागले. या कडकपणाचा दुष्परिणाम असा झाला की लोक प्रायश्चित्त मरणशय्येपर्यंत लांबवू लागले. पुढे आयरिश मठवासीयांनी खासगी आणि पुन्हापुन्हा करता येणारे पापनिवेदन रुजवले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून एकदा सक्तीचे केले.

आज क्रम उलटा आहे : पापमुक्ती आधी, प्रायश्चित्त नंतर. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५) मुलगा पाठ केलेले वाक्य पुरे करण्याआधीच बाप चाकरांना झगा आणायला सांगतो. प्रायश्चित्त ही क्षमेची किंमत नाही. क्षमा झालेल्या माणसाने बिघडवलेले दुरुस्त करणे, असा त्याचा अर्थ आहे. स्वस्त होते ते ही दुरुस्ती गाळल्यावर, आणि ती पुष्कळदा गाळली जाते हे मान्य.

प्रश्न : माझी मुलगी दर दोन दिवसांनी कन्फेशनला जाते. 'नीट सांगितले नाही' म्हणून तेच पुन्हा सांगते. हात धुणेही वाढले आहे. – एक आई, मुंबई

ही भक्तीची वाढ नाही, संशयग्रस्तता आहे. लोयोलाच्या संत इग्नेशियसना १५२२ च्या सुमारास मान्रेसात हेच झाले होते. जुनी पापे परत परत सांगूनही त्यांना चैन पडेना. शेवटी ती पुन्हा न सांगण्याचे ठरवले तेव्हा ते सुटले. मुलीसाठी एकच फादर ठरवा. दोन निवेदनांतले अंतर त्यांनी ठरवायचे, जुने पाप पुन्हा सांगायचे नाही, शंका आली तर 'झालेली नाही' असेच धरायचे. घरच्यांनी 'अगं, नाही ते पाप' असे दर तासाला समजावत बसू नये, त्याने शंकेला खाद्य मिळते. हात धुणे वाढले आहे म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा. त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : मुलगा जहाजावर असतो, महिनोन्महिने फादर भेटत नाहीत. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पापनिवेदन चालते का? – एक वाचक, उत्तन

चालत नाही. संस्कारासाठी दोघे प्रत्यक्ष समोर हवेत. फोनवर सल्ला आणि प्रार्थना मिळेल, पापमुक्ती नाही. त्याने देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा आणि फादर भेटताच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवावा. त्याने गंभीर पापांचीही क्षमा होते, असे कॅथलिक शिकवण सांगते. मग बंदराला लागल्यावर टाळाटाळ नको. अनेक मोठ्या बंदरांत खलाशांसाठी चर्चची केंद्रे असतात, तिथे चौकशी करायला सांगा.